शंकाविष : कर्तबगार वैद्याच्या आत्मसंशयाविषयी काही विचार

पावसाळ्याच्या दिवसांत रात्री-अपरात्री दवाखान्याचे दार वाजले, की कोकणातील वैद्याच्या मनात पहिला विचार येतो तो फुरशाचा. गवत कापताना, पाणंदीतून येताना, गोठ्यात हात घालताना काहीतरी टोचलेले असते. काय टोचले ते दिसलेले नसते. रुग्ण घामाघूम झालेला असतो, तोंडाला कोरड पडलेली असते, कधी वांती होते, कधी तो मूर्च्छित होतो. अशा रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवून, रक्त गोठण्याची तपासणी करून, तासांमागून तास गेल्यावर काही वेळा निष्पन्न होते ते इतकेच, की दंश झालेलाच नव्हता. काटा लागला होता. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तेविसाव्या अध्यायात या अवस्थेला ‘शंकाविष’ असे नाव दिले आहे. काळोखात कशाचा तरी दंश झाला आणि मनाने विषाची शंका घेतली, तर त्या उद्वेगानेच ज्वर, छर्दी, मूर्च्छा, दाह, ग्लानी, मोह अशी लक्षणे उत्पन्न होतात, असे आचार्य सांगतात. येथे लक्षणे खोटी नसतात. विष नसते, लक्षणे मात्र असतात.

पिंगुळी-कुडाळ परिसरातील आम्हा काही वैद्यांचा एक लहानसा अभ्यासगट आहे. पिंगुळी हे गाव ठाकर समाजाच्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांमुळे सर्वपरिचित आहे. २०२१ साली श्री. परशुराम गंगावणे यांना याच कलेच्या जतनासाठी पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा गावाचे नाव देशभर गेले. आमचा गट मात्र त्या मानाने अगदीच अप्रसिद्ध! महिन्यातून एकदा एकत्र यावे, संहितेचा एखादा अध्याय वाचावा, रुग्णांविषयी बोलावे आणि चहा घेऊन उठावे, एवढाच त्याचा व्याप. विषचिकित्सिताध्यायाचे वाचन ज्या दिवशी शंकाविषापर्यंत आले, त्या दिवशी आमच्यातील एक ज्येष्ठ वैद्य हसत म्हणाले, ‘‘हे तर माझेच वर्णन आहे हो. पस्तीस वर्षे दवाखाना चालवतो आहे, आणि अजून रोज सकाळी कुलूप काढताना वाटते, आज कोणीतरी ओळखणार, की याला काही येत नाही.’’

आम्ही सर्व स्तब्ध झालो. ज्यांच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी सातपासून रांग लागते, ज्यांच्याकडे आम्ही स्वतः अवघड रुग्ण पाठवतो, ते हे बोलत होते. त्याहून आश्चर्य असे, की त्यानंतर एकामागून एक बहुतेकांनी तेच कबूल केले. औषधनिर्मितीशाळा चालविणारे एक बंधू होते; तेही म्हणाले, की स्वतःच्या लेबलाची बाटली दुसऱ्याच्या दुकानात दिसली की अभिमानाऐवजी पोटात गोळा येतो. प्रस्तुत लेख त्या संध्याकाळच्या चर्चेतून निर्माण झाला आहे.

तोतयेपणाची भावना

आधुनिक मानसशास्त्रात या अनुभवाला नाव मिळाले ते १९७८ साली. पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आयम्स या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ स्त्रियांनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवांवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. पदव्या, पारितोषिके, वरिष्ठांची मान्यता हे सर्व असूनही या स्त्रिया मनातून स्वतःला तोतया समजत होत्या. आपण सर्वांना फसवून येथवर आलो आणि एक दिवस बिंग फुटणार, असे त्यांना वाटत होते. पुढे हाच अनुभव पुरुषांमध्येही आढळतो असे दिसून आले. मूळ लेखिकांनी त्यास रोग म्हटले नाही, ‘अनुभवविशेष’ म्हटले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. नंतर वर्तमानपत्रांनी त्याचा रोग करून टाकला.

तोतया हा शब्द मराठी वाचकास नवा नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून मिरविणाऱ्या तोतयाने १७७६ मध्ये याच कोकणात बंड उभारले होते, आणि त्याच वर्षी त्याचा अंतही झाला. तो तोतया आपण भाऊसाहेब नाही हे पुरते जाणून होता आणि लोकांनी आपणास भाऊसाहेब मानावे म्हणून धडपडत होता. आमच्या विषयातील मनुष्याचे नेमके उलटे आहे. तो खरा आहे, लोक त्याला खरा मानतात, आणि त्याचा एकट्याचाच त्यावर विश्वास बसत नाही.

क्लान्स यांनी या अनुभवाचे एक चक्र वर्णिले आहे. नवे काम समोर आले की धास्ती उत्पन्न होते. धास्तीमुळे मनुष्य एकतर गरजेच्या चौपट तयारी करतो, किंवा काम टाळत टाळत शेवटच्या रात्री जीव तोडून पुरे करतो. काम उत्तम होते, प्रशंसा होते, घटकाभर हायसे वाटते. मग तो मनाशी म्हणतो, ‘इतके राबलो म्हणून निभावले, अंगात गुण असते तर इतके राबावे का लागले असते?’ किंवा ‘नशिबाने निभावले.’ यशाचे श्रेय अशा रीतीने बाहेर जाते, अपयशाचे मात्र आत राहते. पुढच्या कामाच्या वेळी धास्ती पूर्वीहून अधिक असते.

या चक्राची खरी अडचण अशी, की ते फळ देते. संशयी मनुष्य अधिक वाचतो, अधिक वेळ बसतो, चुका कमी करतो. म्हणून त्याची भरभराट होते, आणि भरभराट होणाऱ्या मनुष्याच्या व्याधीकडे कोण लक्ष देणार? लंडनच्या प्राध्यापिका लॉरा एम्पसन यांनी मोठ्या व्यावसायिक संस्थांचा दीर्घकाळ अभ्यास करून २०१७ साली ग्रंथ लिहिला. असुरक्षित वाटणारी कर्तबगार माणसे अशा संस्थांत हेरून घेतली जातात, कारण त्यांना कोणी हाकावे लागत नाही, ती स्वतःच स्वतःला हाकतात, असे त्यांनी दाखविले आहे. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत आमच्या रुग्णांची मुले याच चाबकाखाली आहेत. सणाला गावी आली की अम्लपित्त, निद्रानाश आणि केस गळणे घेऊन आमच्यापुढे बसतात. तथापि दुसऱ्यांच्या मुलांविषयी बोलणे सोपे आहे, म्हणून आपल्याकडेच वळू.

आपल्या व्यवसायातील मुळे

आयुर्वेद पदवीधरांच्या आत्मसंशयास काही खास कारणे आहेत, आणि ती बोलली जात नाहीत. आपल्यापैकी कित्येकांनी बारावीनंतर पहिला पर्याय म्हणून दुसरेच काही लिहिले होते. थोड्या गुणांनी ते हुकले आणि आपण बी.ए.एम.एस.ला आलो. पुढे शास्त्राची गोडी लागली, पंचकर्मात हात बसला, नाडीने बोलायला सुरुवात केली. परंतु त्या हुकलेल्या गुणांची सल काहींच्या मनातून निवृत्तीपर्यंत जात नाही. त्यातच नातेवाइकांच्या लग्नात कोणीतरी विचारतोच, ‘‘म्हणजे खरे डॉक्टर ना?’’ पाटीवर ‘डॉ.’ लिहावे की ‘वैद्य’, या साध्या प्रश्नापाशी कितीतरी जण अडखळतात. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन केंद्रीय परिषदेने शल्य आणि शालाक्याच्या पदव्युत्तरांना ५८ शस्त्रकर्मे अधिकृतपणे निर्दिष्ट केली, आणि देशभर जो गदारोळ झाला, तो ऐकताना ही कर्मे वर्षानुवर्षे करणाऱ्या आमच्या काही मित्रांनीही दबल्या आवाजात विचारले होते, ‘‘आपण खरेच यास पात्र आहोत ना?’’ प्रश्न गैर नव्हता. तो विचारण्याचा स्वर मात्र अपराध्याचा होता.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पाश्चात्त्यांनी काही शोधले, की ‘हे आमच्या ऋषींनी आधीच सांगितले’ असे म्हणण्याचा मोह आपल्या नियतकालिकांना फार होतो. क्लान्स यांचे निरीक्षण चरकसंहितेत जसेच्या तसे नाही. तेथे जे आहे ते वेगळे आहे, आणि आमच्या मते अधिक उपयोगाचे आहे.

चरकाचार्यांना तोतया वैद्य ठाऊक होता. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात ते वैद्यांचे तीन प्रकार करतात. पहिला छद्मचर : औषधांची भांडी, पुस्तके आणि वैद्याचा आविर्भाव यांच्या बळावर वैद्य म्हणवून घेणारा. दुसरा सिद्धसाधित : धन, यश, ज्ञान यांनी प्रसिद्ध असलेल्या कोणाच्या तरी नावाचा आसरा घेऊन मिरविणारा. तिसरा खरा, वैद्यगुणांनी युक्त. एकोणतिसाव्या अध्यायात रोगाभिसर वैद्याचे वर्णन येते. तो आत्मस्तुती करीत रुग्णांच्या मागे फिरतो, रुग्ण दगावू लागला की दोष दुसऱ्यावर ढकलतो, आणि जाणकारांची सभा दिसली की दुरूनच वाट बदलतो. लक्षणांची ही यादी वारंवार वाचली, तर एक गोष्ट ध्यानात येते : छद्मचराला आत्मसंशय असल्याचा उल्लेख कोठेही नाही! अमेरिकेतील डनिंग आणि क्रूगर या दोघांनी १९९९ साली प्रयोगांनी असेच काहीसे दाखविले, की ज्यास विषय कमी येतो त्यास आपणास तो कमी येतो हेही कमी कळते. म्हणून ‘मी तोतया तर नाही?’ हा प्रश्न ज्यास मनापासून छळतो, तो बहुधा तोतया नसतो. हा दिलासा खरा आहे, पण अपुरा आहे. कारण संशयाने छळलेला खरा वैद्यही रुग्णाचा घात करू शकतो. ते आम्ही स्वानुभवाने सांगतो.

एक रुग्णानुभव

वर्षे बरीच झाली. साठीच्या आतबाहेरचे एक काजूबागायतदार छातीतील जळजळीसाठी आमच्याकडे आले. ‘‘घाटी चढलंय काय छातीत जळाक लागता, डॉक्टरानूं.’’ आम्ही अम्लपित्त धरले. सूतशेखर, कामदुधा, अविपत्तिकर चूर्ण दिले, तिखट आणि तळलेले वर्ज्य केले. आठवड्याने ते परत आले. पुष्कळ बरे वाटते म्हणाले. विचारता विचारता कळले, की पाऊस असल्याने ते आठवडाभर बागेत गेलेच नव्हते. त्या क्षणी आमच्या मनात शंका आली. घाटी चढल्यावर जळजळ, विश्रांतीने उपशम. हे पित्त कसले?

शंका आली, आणि आम्ही ती बोललो नाही. हृदयाचा आलेख काढण्यास पाठविणे हे पाच मिनिटांचे काम होते. मग का नाही पाठविले? दोन कारणे होती आणि दोन्ही लाजिरवाणी. काही महिन्यांपूर्वी एका बाईंना आम्ही असेच पाठविले होते. आलेख निर्दोष आला, आणि तेथील डॉक्टरांनी नातेवाइकांसमोर वैद्यांच्या ज्ञानाविषयी जो विनोद केला तो आमच्या कानावर आला होता. दुसरे असे, की त्याच पंधरवड्यात एका स्थानिक संस्थेने आमचा ‘पचनविकारतज्ज्ञ’ म्हणून सत्कार केला होता. त्या शालीखाली बसून अम्लपित्त चुकले असे म्हणवेना. शेजारच्या गावातील वैद्यमित्राला दूरध्वनी करावा असे मनात आले. पण त्यालाही वाटेल, यांना एवढेसुद्धा कळत नाही. त्या रात्री आम्ही झोपलो नाही. अम्लपित्तावरचे सर्व ग्रंथ काढून पहाटे तीनपर्यंत वाचीत बसलो. आज पाहता त्या रात्रीचे वाचन हास्यास्पद वाटते : जे उत्तर दुसऱ्याला विचारून पाच मिनिटांत मिळाले असते, ते आम्ही एकट्याने ग्रंथांत शोधीत होतो, आणि तेही चुकीच्या अध्यायात.

पाऊस उघडला, ते बागेत गेले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने मध्यरात्री दार वाजवले. डावा हात भरून आला होता, घामाने कपडे भिजले होते. त्यांना तातडीने रुग्णालयात हलविले. ते वाचले. परंतु हृदयाचा काही भाग कायमचा निकामी झाला आणि बागेतील घाटी त्यांनी पुन्हा चढली नाही. पुढे अनेक वर्षे ते आमच्याकडेच येत राहिले, कधी एका शब्दाने बोलले नाहीत. तेच अधिक कठीण गेले.

या अनुभवाने आम्हास दोन संशयांतील भेद शिकविला. एक संशय रोगाविषयी असतो : ‘हे अम्लपित्त आहे की अन्य काही?’ हा संशय प्रश्न विचारायला लावतो, नाडी पुन्हा पाहायला लावतो, रुग्णास अन्यत्र पाठवायला लावतो. दुसरा स्वतःविषयी असतो : ‘मी उघडा तर पडणार नाही?’ हा पहिल्या संशयाचे तोंड दाबून धरतो. दोन्ही एकाच मनात एकाच वेळी असतात, दोन्ही रात्र जागवतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही परिश्रमच दिसतात. घात होतो तो दुसऱ्याने.

आत्मपरीक्षेचे शास्त्र

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात, रोगभिषग्जितीयात, चिकित्सेस प्रवृत्त होण्यापूर्वी परीक्षणीय अशा दहा गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पहिली म्हणजे कारण, अर्थात स्वतः वैद्य. वैद्याने प्रथम स्वतःलाच तपासावे, हे कार्य सिद्धीस नेण्यास मी समर्थ आहे किंवा नाही हे पाहावे, आणि कोणते गुण अंगी असावेत तेही आचार्यांनी पुढे मोजून दिले आहेत. या उपदेशातील एक बारकावा फार मोलाचा आहे. प्रश्न ‘मी वैद्य होण्यास लायक आहे काय?’ असा नाही. ‘या कार्यास मी समर्थ आहे काय?’ असा आहे. हा रुग्ण, हा व्याधी, ही साधने, आजचा दिवस. अशा प्रश्नाला उत्तर असते : ‘आहे’, ‘नाही’, किंवा ‘अमुक मदत मिळाली तर आहे’. तिन्ही उत्तरांत अप्रतिष्ठा नाही. उलट ‘मी लायक आहे काय?’ या प्रश्नास उत्तर नसल्याने तो जन्मभर पुरतो.

औषधनिर्मात्या बंधूंना हे समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांचे शास्त्र याच तत्त्वावर उभे आहे. भस्म सिद्ध झाले की नाही याविषयी रसशास्त्राने संशय गृहीतच धरला आहे, आणि त्यास परीक्षाही नेमून दिल्या आहेत. पाण्यावर तरंगते ते वारितर, बोटांच्या रेषांत भरते ते रेखापूर्ण, पुन्हा धातुरूप घेत नाही ते अपुनर्भव. या कसोट्यांस उतरले नाही तर पुन्हा पुट द्यावे. सुरंगीचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. वेंगुर्ले तालुक्यात आसोलीच्या बाजूला सुरंगीचा हंगाम आला, की तिच्या कळ्या वाळवून ‘लाल नागकेशर’ या नावाने बाजारात जातात. शास्त्रोक्त नागकेशर हा वृक्ष निराळा. अशी संदिग्ध द्रव्ये थोडीथोडकी नाहीत. गोणीवर लिहिलेल्या नावाविषयी जो मालक संशय घेतो, केसर मोजतो, पाकळी भिजवून पाहतो, नमुना प्रयोगशाळेस धाडतो, त्यास आपण भित्रा म्हणत नाही. २००४ साली अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात बोस्टनच्या दुकानांतील ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली आणि त्यांतील १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले, तेव्हा आपल्याकडे बराच संताप व्यक्त झाला. संतापापेक्षा उपयोगी पडली ती तपासणीच. १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या मालास जड धातूंची चाचणी सक्तीची झाली. औषधाविषयीचा संशय असा व्यक्त झाला, मोजला गेला, की त्याचे नियमात रूपांतर होते.

आणि येथेच स्नेहपाकाचा दाखला आठवतो. तैल सिद्ध होताना फेस येतो, घृत सिद्ध होताना फेस शमतो. कल्काची वात वळते, ती अग्नीवर टाकली असता तडतडत नाही. ही लक्षणे दिसली की कढई उतरवायची. मृदू, मध्यम, खर असे पाकांचे भेद आणि त्यांचे निरनिराळे उपयोग शार्ङ्गधराने सांगितले आहेत. त्यापलीकडचा दग्धपाक निरुपयोगी आणि दाह करणारा. आत्मसंशयाने राबणाऱ्या कर्तबगार मनुष्याजवळ सिद्धिलक्षणच नसते. कढई केव्हा उतरवावी हे त्यास माहीत नाही, म्हणून तो विस्तव घालीतच राहतो. वीस मिनिटांच्या व्याख्यानास तीन रात्री, सत्तर रुग्ण झाले तरी एकाहत्तरावा, रविवारी अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस. रुग्णाच्या कागदावर आपण ‘वेगधारण करू नये’ असे लिहितो आणि रांग संपेपर्यंत स्वतः मूत्रवेग धरून बसतो, हे आम्ही एकदा गटात बोललो तेव्हा जो हशा झाला, त्यात कबुली होती.

संशय बोलका व्हावा

कर्तबगारांचा संशय नाहीसा करता येतो काय? सचिन तेंडुलकर यांचे उदाहरण सर्वांस माहीत असले तरी येथे आवर्जून देतो. नोव्हेंबर १९८९ मध्ये सोळाव्या वर्षी कराचीत पहिल्या कसोटीत ते १५ धावांवर बाद झाले, आणि हा आपला पहिला व शेवटचा सामना असे त्यांना वाटले. त्यांनी ते ज्येष्ठ सहकाऱ्यांजवळ बोलून दाखविले. रवी शास्त्री यांनी घाई न करता खेळपट्टीवर वेळ काढण्यास सांगितले. फैसलाबादच्या पुढील कसोटीत ५९ धावा झाल्या. मे २०२१ मध्ये एका संवादात त्यांनी सांगितले, की कारकीर्दीची दहा-बारा वर्षे सामन्याच्या आदल्या रात्री त्यांना नीट झोप येत नसे. पुढे ही अस्वस्थता म्हणजे आपल्या तयारीचाच भाग आहे असे त्यांनी स्वीकारले, आणि चहा करणे, कपड्यांना इस्त्री करणे, पिशवी भरून ठेवणे अशा लहानसहान कामांत ते मन गुंतवू लागले. शंभर आंतरराष्ट्रीय शतके करणाऱ्याची शंका गेली नाही. ती बोलली गेली आणि तिला जागा दिली गेली.

कोकणातीलच दुसरे उदाहरण वैद्यकातील आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत होती आणि उपलब्ध पुस्तकांत उपयोगी उत्तर नव्हते. खेड्यातील तरुण डॉक्टराने अशा वेळी स्वतःचे अज्ञान झाकणे स्वाभाविक ठरले असते. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून टिपणे केली आणि ती थेट ‘लॅन्सेट’कडे पाठविली. ऐंशीच्या दशकात प्राझोसिनचा उपयोग रूढ होऊन मृत्यूंचे प्रमाण विलक्षण घटले, ही पुढची हकीकत प्रसिद्ध आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ‘मला कळत नाही’ हे वाक्य त्यांनी लपविले नाही, लिहून काढले.

अमेरिकेतील बसीमा ट्युफिक यांचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन याच दिशेने जाते. तोतयेपणाचे विचार ज्यांच्या मनात अधिक येत, असे कर्मचारी आणि शिकाऊ डॉक्टर इतरांशी वागण्यात सरस ठरले. ते समोरच्याकडे अधिक लक्ष देत, अधिक आस्थेने ऐकत. परंतु यावरून ‘हाताखालच्यांना जरा धाकात ठेवावे’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. सहायक वैद्याच्या प्रत्येक चिकित्सापत्रावर भुवई उंचावून त्याला कायम साशंक ठेवणारे आणि त्या बळावर त्याच्याकडून रात्रंदिवस काम करून घेणारे दवाखाने आम्ही पाहिले आहेत. तो शिकतो ते एकच : शंका लपविणे. विषादास चरकाचार्यांनी रोग वाढविणाऱ्या कारणांत अग्रस्थान दिले आहे. तो आपल्याच दवाखान्यात पिकवू नये.

शंकाविषाच्या चिकित्सेत आचार्य खडीसाखर, द्राक्षा, ज्येष्ठमध, मध यांचे पान सांगतात, आणि त्याच्या जोडीला सांत्वन व हर्षण. येथेही क्रम विसरू नये : प्रत्यक्ष दंश नाही याची खात्री आधी, सांत्वन नंतर. ज्या सहकाऱ्याला ‘मला काही येत नाही’ असे वाटते, त्यास लगेच ‘छे छे, तुम्ही फार थोर’ म्हणणे हे तपासणीवाचून दिलेले सांत्वन होय. त्याचा गुण येत नाही, कारण त्याला वाटते, यालाही आपण फसविले. एखाद्या विषयात उणीव खरोखर असेल तर ती भरून काढावी. नसेल तर तसे पुराव्याने दाखवावे. आणि झोप पूर्ण उडाली, अन्नावरची वासना गेली, जगण्याचाच वीट आला, असे कोणी बोलू लागला, तर तो या लेखाचा विषय उरत नाही. त्यास विनाविलंब मानसरोगतज्ज्ञांकडे न्यावे. २०२२ पासून शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते, ती वैद्यांसाठीही आहे.

खरी चिकित्सा मात्र त्याच विमानस्थानात आहे, ती म्हणजे तद्विद्यसंभाषा. आपल्याच शास्त्राच्या जाणकारांशी केलेली चर्चा पूर्वी ऐकलेल्या गोष्टींतील संशय दूर करते, असे तिचे प्रयोजन सांगितले आहे. सुहृदांच्या संधायसंभाषेत निःशंकपणे विचारावे, विचारल्यास निःशंकपणे सांगावे, पराभवाची भीती धरू नये आणि दुसरा निरुत्तर झाला म्हणून हर्षही मानू नये, असे तिचे नियम आहेत. वादमार्गातील ज्ञातव्य पदांतही ‘संशय’ मोजला आहे. म्हणजे सभेत आणावयाच्या वस्तूंत त्याची गणना आहे. आपल्या परिषदांत काय होते? पन्नास निबंध वाचले जातात, सर्वांत रुग्ण बरे झालेले असतात, आणि ‘काही शंका?’ असे विचारल्यावर सभागृह जेवणाकडे पाहते.

आमच्या गटाने त्या संध्याकाळनंतर एक साधी पद्धत पाडली. प्रत्येकाने एक वही ठेवावी. नवा रुग्ण पाहिल्यावर निदान, त्याविषयीची खात्री रुपयात किती आणे, आणि किती दिवसांत काय फरक अपेक्षित आहे, हे आधीच लिहावे. नंतर काय घडले ते समोर लिहावे. बैठकीत प्रत्येकाने बरा झालेला एक आणि चुकलेला एक असे दोन रुग्ण सांगावेत, चुकलेला आधी. पहिल्या तीन बैठका जड गेल्या. चौथ्या बैठकीत एका तरुण वैद्यभगिनींनी वही उघडून सांगितले, की त्यांनी आठ आण्याहून कमी खात्री लिहिलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांत निदान बरोबरच ठरले होते. आणि त्याच बैठकीत आमच्या वहीत असे निघाले, की सोळा आणे लिहिलेल्यांत आमच्या चुका अधिक होत्या. त्या भगिनी आता रात्री अकरा वाजता पुस्तक मिटतात. आम्ही सोळा आणे लिहिण्यापूर्वी, हल्ली, एक दूरध्वनी करतो.